रूळ उखडले तरी गाडी जाते ती कशी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "युद्धात रात्री बॉम्ब पडून लाइन तुटते आणि दुसऱ्या दिवशी त्याच लाइनवरून गाड्या धावतात, असं वाचलं. हे खरं आहे का? कसं करतात? आपल्या मिरज–लोंढा लाइनवर किंवा कॅसल रॉकच्या घाटात असं झालं तर जमेल का? आणि आता एवढी मशीनं आल्यावर गँगमनची गरज काय?"

विचारणारा बेळगावातला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो. माझी नोकरी पी-वेत गेली. पी-वे म्हणजे रूळ, स्लीपर (रुळाखालचे आडवे ठोकळे), खडी आणि त्याखालची माती. खानापूरचं घर, लोंढ्याचं ऑफिस आणि पावसाळ्यात घाट, एवढीच माझी दुनिया. आमच्याकडे बॉम्ब पडले नाहीत, पण दरड पडते, भराव वाहून जातो, डबे घसरतात. तुटलेली लाइन जोडायची रीत दोन्हीकडे पुष्कळशी सारखीच असते. फरक एवढाच की दरड परत नेम धरून येत नाही.

तर बाळ, वाचलेलं खरं आहे. सपाट जमिनीवरची तुटलेली लाइन काही तासांत चालू होते. पण ती गँगच्या, म्हणजे रूळ राखणाऱ्या टोळीच्या, हाताच्या वेगामुळे होते असं समजू नकोस. सामान आधीपासून जवळ असतं आणि "एवढं चालेल" असं म्हणायचा अधिकार जागेवरच्या माणसाला असतो, म्हणून होते. या दोहोंपैकी एक नसेल तर हजार माणसं उभी करूनही काही होत नाही.

आधी ते "एवढं चालेल" काय असतं ते सांगतो. शांततेच्या काळात आम्ही मिलिमीटर मोजतो. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, दोन रुळांची उंची, वळणातला उतार, स्लीपरमधलं अंतर, खडीची जाडी, प्रत्येकाला नियम आहे, कारण गाडी ताशी ११० ने जायची असते. वेग ताशी १० वर आणला की यातलं बरंचसं सोडून देता येतं. गाडीला जायला प्रत्यक्षात लागतं काय? दोन रूळ योग्य अंतरावर, ते अंतर धरून ठेवणारं काहीतरी आणि खाली दबून न जाणारी जमीन. रूळ तुटला असेल तर दोन्ही बाजूंनी जॉगल फिशप्लेट (मधे फुगवटा असलेली जोडपट्टी) लावून क्लॅम्प आवळायचा. भोकं पाडायचीही गरज नाही. एक स्लीपर सोडून एक स्लीपर तुटलेला असला तरी सरळ लाइनवर गाडी हळू काढता येते. वळणावर मात्र नाही, तिथे गेज पसरतो. लाइन एका बाजूला चार बोटं सरकलेली असली तरी दोन्ही टोकं हळूहळू जुळवून घेता येतात. कॉलेजात ज्याला बिघाड म्हणतील त्याला युद्धात चालू लाइन म्हणतात.

आता बॉम्बचा खड्डा. वरून बघितलं तर लाइन म्हणजे जेमतेम दहा फुटांची रेघ, ती नेमकी लागणं पूर्वीच्या बॉम्बना अवघडच होतं. पण लागली की रूळ वर वळतात, स्लीपर उडतात आणि मधोमध खड्डा पडतो. नवखा माणूस लगेच फावडं घेऊन पळतो. जाणकार आधी लांबून बघतो, कारण न फुटलेला किंवा उशिरा फुटायचा बॉम्ब शेजारीच असू शकतो. कित्येकदा दुरुस्तीला आलेली माणसं मारण्यासाठीच तो टाकलेला असतो. सैन्याच्या बॉम्बवाल्यांनी जागा मोकळी केली की मग पाणी काढायचं. खड्ड्यात तळाला पाणी साठलेलं असतं आणि कडेची माती फुगून सैल झालेली असते. ती सैल माती परत आत ढकलणं ही सगळ्यात मोठी चूक. पहिली गाडी जाते, दुसरी जाते, तिसऱ्या गाडीला खड्डा बसतो आणि इंजिन कलंडतं. सैल माती बाहेर काढायची, तळाला मोठे दगड, त्यावर लहान, मधे मधे मुरूम नि ठोकणी, वर खडी. आपल्याकडे मुरूम आणि काळा दगड चिक्कार, ही जमेची बाजू. रायबाग–कुडचीकडच्या काळ्या मातीत मात्र हेच काम दुप्पट जड. ती माती भिजली की वर कितीही खडी टाका, पोटात घेते.

खड्डा फार मोठा असेल तर भरतच नाहीत. शेजारून वळसा घालून नवीन लाइन टाकतात, आम्ही तिला डायव्हर्जन म्हणतो. सपाट रानात दोनशे मीटरचा वळसा टाकणं हे मोठा खड्डा भरून दाबण्यापेक्षा लवकर होतं. वेळ फारच कमी असेल तर खड्ड्यात लाकडी स्लीपर एकावर एक, आडवे-उभे रचून चौकोनी क्रिब उभा करायचा, डॉग-स्पाइकने एकमेकांत खिळवायचा आणि वर रुळांच्या जुड्या किंवा छोटे गर्डर टाकायचे. क्रिबवरून गाडी जाताना करकर आवाज येतो. नवख्या ड्रायव्हरला धडकी भरते, पण रचणाऱ्याने पाया सपाट घेतला असेल तर क्रिब सहसा दगा देत नाही.

मग पहिली गाडी. इंजिन पुढे नसतं. पुढे दगड-वाळू भरलेल्या एक-दोन वाघिणी आणि मागून इंजिन ढकलतं. सुरुंग असला तर वाघीण जाईल, इंजिन वाचेल. ही रीत जगभर कित्येक युद्धांत वापरली गेली. गाडी गेली म्हणून गँग घरी जात नाही. खरं काम तिथून सुरू होतं. प्रत्येक गाडीनंतर भराव बसतो, लगेच जॅकने उचलून खडी मारायची. पहिले दोन दिवस ताशी १०, मग २०, मग ३०. हा कॉशन ऑर्डरचा, म्हणजे गाडी हळू चालवायच्या हुकुमाचा, कागद ड्रायव्हरच्या हातात पडला नाही तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

आता सामान. या बाबतीत अमेरिकेच्या यादवी युद्धातून, म्हणजे १८६१ ते १८६५ मधून, आजही शिकण्यासारखं आहे. हर्मन हाउप्ट नावाचा रेल्वे इंजिनिअर उत्तरेच्या सैन्याने बोलावून घेतला. १८६२ च्या मे महिन्यात त्याने पोटोमॅक क्रीकवर सुमारे ४०० फूट लांब, ८० फुटांच्या आसपास उंच पूल नऊ दिवसांत उभा केला. लाकूड जंगलातलं, सालीसकट, आणि माणसं बहुतेक साधे शिपाई, ज्यांनी आयुष्यात पूल बांधला नव्हता. लिंकन तो बघून आला आणि म्हणाला, यात शेंगांच्या वेलाच्या काठ्या नि मक्याची धाटं यांपलीकडे काही दिसत नाही. त्या धाटांवरून भरलेल्या गाड्या जात होत्या.

पण मला हाउप्टच्या त्या पुलापेक्षा दोन वर्षांनंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १८६४ मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन अटलांटाकडे निघाला तेव्हा त्याच्यामागे लुइव्हिल–नॅशव्हिल–चॅटनूगा–अटलांटा अशी एकच लाइन होती, ७५० किलोमीटरच्या वर, बरीचशी एकेरी. तिच्यावर त्याने एक लाख माणसं आणि ३५ हजार जनावरं १९६ दिवस पोसली, असा त्याचा स्वतःचा हिशेब आहे. शत्रूचे घोडेस्वार रोज कुठे ना कुठे लाइन तोडत. चॅटाहूची नदीवरचा ७८० फूट लांब, ९२ फूट उंच पूल दुरुस्तीच्या पलटणीने साडेचार दिवसांत पुन्हा उभा केला. ऑक्टोबरात साडेपस्तीस मैल लाइन नि साडेचारशे फुटांवर पूल उद्ध्वस्त झाले, तरी तेराव्या दिवशी गाड्या अखेरपर्यंत धावू लागल्या. हे चमत्काराने झालं नाही. लाइनवर ठिकठिकाणी रूळ, स्लीपर, खिळे आणि आधीच मापात कापून ठेवलेली पुलांची लाकडं गोदामात होती. दुरुस्तीच्या तुकड्या, त्यांच्या गाड्या, त्यांचे स्वयंपाकी सगळं लाइनवरच मुक्कामाला होतं. पूल पडल्याची तार आली की विचार करायला काही उरतच नसे, गाडी निघे. उलट दक्षिणेकडे रुळांचे कारखाने तोकडे होते. त्यांनी एका लाइनचे रूळ उखडून दुसऱ्या लाइनला लावले आणि शेवटी दोन्ही गेल्या. मनगटात जोर त्यांच्याही गँगमनच्या होता.

रूळ तोडणाऱ्यालाही हे कळतं. म्हणून नुसते रूळ काढून टाकण्याचा उपयोग नसतो, तेच रूळ परत लावले जातात. शर्मनची माणसं स्लीपरची होळी करून रूळ मधोमध लाल करत आणि झाडाच्या बुंध्याला गुंडाळत. नुसता वाकलेला रूळ सरळ करता येतो, पीळ पडलेला रूळ मात्र लोहाराच्या नव्हे, कारखान्याच्याच कामाचा. पहिल्या महायुद्धात हेजाझ रेल्वेवर अरब तुकड्या आणि त्यांच्यासोबतचे इंग्रज लोखंडी स्लीपरच्या मधोमध खाली छोटे सुरुंग ठेवत. स्फोटाने स्लीपर वर उचलला जाई, दोन्ही रूळ आत आणि वर ओढले जाऊन वाकत. थोड्या दारूत बऱ्याच लांबीचे रूळ निकामी. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मनांनी तर इंजिनामागे एक भला थोरला लोखंडी नांगरच जोडला होता. तो ओढत नेला की मागे सगळे स्लीपर मधोमध मोडून पडत. तुला वाटेल स्लीपर काय, लाकडाचाच तुकडा. पण किलोमीटरला सोळाशेच्या घरात स्लीपर लागतात, आणि रूळ नसलेल्या स्लीपरपेक्षा स्लीपर नसलेले रूळ जास्त अडचणीचे.

तरीही माझं मत असं आहे की मोकळ्या रानातली लाइन तोडणं हा शत्रूने वेळ वाया घालवायचा प्रकार आहे. लाइन मरते ती पूल, यार्डातले काटे (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारे) आणि इंजिनं यांच्यामुळे. काटा हा रुळासारखा कुठूनही कापून लावता येत नाही, जीभ, क्रॉसिंग, स्लीपर, सगळं मापाचं. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये उतरण्याआधी दोस्तांमध्ये याच गोष्टीवर जोरदार वाद झाला, यार्डं मारायची की पूल. यार्डांवर हजारो टन बॉम्ब पडले, पण मधून एखादी सरळ लाइन जोडायला जर्मनांना सहसा दिवस-दोन दिवस पुरत. सेन नदीवरचे पूल पाडल्यावर मात्र त्यांना खरा फटका बसला. याउलट उदाहरण व्हिएतनामचं. हाम रोंग नावाचा पूल १९६५ पासून अमेरिकन विमानं पाडायला बघत होती, तो खिळखिळा झाला १९७२ च्या मे महिन्यात, लेसरवर चालणारे बॉम्ब आल्यावर. मधली सात वर्षं तिथले लोक डागडुजी करत राहिले.

पुलांबद्दल आपल्या जवळचं उदाहरण १९७१ चं. बांगलादेशातल्या पद्मा नदीवरचा हार्डिंज पूल, १५ मोठ्या गाळ्यांचा, १९१५ साली उघडलेला. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत त्यातला एक गाळा नदीत पडला. भारताच्या रेल्वे इंजिनिअरांच्या मदतीने तो १२ ऑक्टोबर १९७२ ला वाहतुकीला खुला झाला. म्हणजे दहा महिने, युद्ध संपलेलं असताना, कोणी गोळ्या झाडत नसताना. यावरून कळतं की मोठ्या नदीवरच्या पुलाला "दुसऱ्या दिवशी गाडी" हे गणित लागू होत नाही. तिथे नदी उतरायची वाट बघावी लागते. वाहत्या पाण्यात क्रिब उभा राहत नाही, तळ खरवडला जातो. जुलै–ऑगस्टची कृष्णा कुडचीजवळ बघितली असशील तर मला जास्त सांगायला नको. अशा वेळी शहाणे लोक पुलाच्या मागे लागत नाहीत. दोन्ही काठांवर गाड्या उभ्या करून मधलं अंतर ट्रकने किंवा होडीने भागवतात. चिडचिड होते, चढउतारात माल फुटतो, पण गाडा अडत नाही. आपल्या लाइनवरचा कुठला पूल किती नाजूक, हे मी इथे लिहिणार नाही. समजून घे.

आता आपल्या घराजवळ येतो. मिरज–लोंढा पट्टा दुरुस्तीच्या दृष्टीने बरा. बहुतेक ठिकाणी लाइनला लागून रस्ता आहे, ट्रक पोचतो, दगडाच्या खाणी जवळ, दुहेरीकरण झालेलं, म्हणजे एक लाइन गेली तर दुसरीवरून दोन्हीकडच्या गाड्या आलटून-पालटून काढता येतात. घाटाची गोष्ट मात्र निराळी. कॅसल रॉकवरून खाली गोव्यातल्या कुळ्यापर्यंत साधारण २५ किलोमीटर, चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधे बोगदे. तिथे वळसा घालायला जागाच नाही. खड्डा पडला तर तोच भरायचा, बोगदा पडला तर तोच उकरायचा. ट्रक जात नाही, सगळं सामान लाइनवरूनच यायचं, आणि तेही एकाच टोकाकडून, कारण मधे तुटलेलं. एका वेळी एकच गाडी तोंडाशी उभी राहू शकते. म्हणून घाटात पन्नास माणसं वाढवून काम पन्नास माणसांचं होत नाही, नुसती गर्दी होते. तिथे घाटाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे वर कॅसल रॉक आणि खाली कुळे, सामानाचे वेगवेगळे साठे हवेत. २३ जुलै २०२१ ला दूधसागर–सोनावळी भागात दरड येऊन मंगळूरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीचे डबे घसरले, तेव्हा हेच दिसलं. पाऊस कोसळतोय, वरून माती येतेय आणि ब्रेकडाउन क्रेनला सरळ पोचायला वाट नाही. त्यात बॉम्बचं भय मिसळ, म्हणजे युद्धातला घाट कसा असेल ते कळेल. शिवाय एवढ्या उतारावर ताशी १० चा कॉशन पाळणं हेच ब्रेकचं मोठं काम आहे. सपाटीवरची तात्पुरती दुरुस्ती जशीच्या तशी घाटात चालत नाही. उतारावर गाडी ब्रेक लावते तेव्हा रूळच खाली ढकलला जातो. त्यामुळे अर्धवट खडीवरची लाइन सरकायला लागते. घाटात कमी सोडून चालत नाही, हा माझा हट्ट आहे.

या घाटाने युद्धासारखी एक वेळ बघितलीही आहे, फक्त उलट्या बाजूने. १९५५ साली गोव्याची नाकेबंदी झाली आणि कॅसल रॉकच्या पलीकडे गाडी जायची बंद झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मोकळा होईपर्यंत सहा पावसाळे गेले. बंद लाइनला काही होत नाही अशी लोकांची समजूत असते. सह्याद्रीत गाडी न जाणारी लाइन गाडी जाणाऱ्या लाइनपेक्षा लवकर खराब होते. मोऱ्या गाळाने भरतात, पाणी खडीतून वाहायला लागतं, लोखंडी स्लीपर गंजतात, रुळावर झुडपं येतात, आणि मुख्य म्हणजे रोज तिथून चालत जाणारा माणूस नसतो. डिसेंबर १९६१ मध्ये मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगावात झाली. त्यासाठी पॅसेंजर गाड्या रद्द करून लष्करी गाड्या सोडाव्या लागल्या. त्या वेळी पुण्याखाली मिरज–बेळगावकडची सगळी लाइन मीटर गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर एकच मीटर. उत्तरेकडून ब्रॉडगेजने आलेलं ओझं पुढे बेळगावला रेल्वेने आणायचं तर उतरवून लहान वाघिणींत भरल्याशिवाय इलाज नव्हता. आज जवळजवळ सगळीकडे १६७६. कुठलाही डबा, कुठलीही क्रेन, कुठलाही रूळ देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून थेट लोंढ्याला येतो. युद्धाच्या नजरेने बघितलं तर गेज बदलण्याचा हा फायदा प्रवाशांच्या सोयीपेक्षा मोठा.

पण आजच्या लाइनचे तोटेही आहेत, ते इंजिनिअर म्हणून तुला कळायला हवेत. जुना मीटर गेजचा रूळ आठ-दहा जण चिमट्याने उचलून पळत. ६० किलोचा रूळ, १३ मीटर, म्हणजे ७८० किलो. सिमेंटचा स्लीपर पावणेतीनशे किलोच्या आसपास, तो चार माणसांनी लांब न्यायचा विचारही करू नये. लाकडी स्लीपर आता लाइनवर दिसत नाहीत, पण आणीबाणीला त्यांच्यासारखा मित्र नाही. कापता येतो, खिळा बसतो, क्रिब रचता येतो. आणि लांबलचक वेल्ड केलेले रूळ. त्यांच्यात उन्हाचा ताण कोंडलेला असतो. असा रूळ मधे तुटला की थंडीत दोन्ही टोकं मागे सरतात आणि फट वाढते. एप्रिलच्या दुपारी तुटक्या जागेजवळची खडी सैल केली तर शेजारची चांगली लाइन सापासारखी वाकडी होऊ शकते. त्यामुळे वेल्डेड रूळ कामचलाऊ जोडून झाल्यावर काही दिवसांत दोन्ही बाजूंनी ताण काढून परत जोडावेच लागतात. घाईत हे राहिलं तर बॉम्ब पडला त्या जागी नाही, तिथून अर्ध्या किलोमीटरवर गाडी घसरते आणि सगळे घातपात शोधत बसतात.

तारांचं तसंच. आता आपल्या लाइनवर विजेची इंजिनं आली, बेळगाववरून वंदे भारत जाते. वीज केंद्र गेलं की पन्नास-साठ किलोमीटर मुकं होतं. युक्रेनमध्ये २५ एप्रिल २०२२ ला एका तासात पाच रेल्वे ठिकाणांवर हल्ले झाले, रोख विजेच्या केंद्रांवर होता. तिथल्या रेल्वेने डिझेल इंजिनं पुढे करून गाड्या चालवल्या. डिझेल इंजिनं भंगारात काढायची घाई जे करतात त्यांनी हे लक्षात घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शेवटचा प्रश्न, गँगमनचा. मशीन चांगलं, मी मशीनच्या विरोधात नाही. टॅम्पिंग मशीन तासात जेवढी लाइन पॅक करतं तेवढी गँगला दिवसभर जमत नाही. पण मशीनला जागेवर यायला आधी चांगली लाइन लागते, डिझेल लागतं, आणि ते वरून दिसतं. गँग मात्र त्याच पाच-सहा किलोमीटरच्या पट्ट्यात राहते. की-मन रोज आपला बीट, म्हणजे नेमून दिलेला पट्टा, पायी चालतो, हातात हातोडा आणि पाना. सुटलेली क्लिप, नवीन उकरलेली खडी, काल नव्हता असा तारेचा तुकडा, हे त्याला दिसतं, कारण कालची लाइन त्याच्या डोक्यात असते. सुरुंग शोधायचं यंत्र सैन्याकडे असतं. पण ते नेमकं कुठे लावायचं हे की-मन सांगतो. लाइन तुटलेली दिसली की पहिलं काम दुरुस्तीचं नाही. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना धावत जाऊन रुळावर फटाके (चाकाखाली वाजून ड्रायव्हरला सावध करणारे) लावायचे आणि लाल बावटा किंवा लाल बत्ती दाखवायची, कारण फोन तुटलेला असतो आणि पलीकडून गाडी निघालेली असू शकते. दोन माणसं असतील तर एक इकडे, एक तिकडे. एकटा असेल तर ज्या बाजूने गाडी आधी यायची तिकडे.

या माणसांचं नाव कुठे येत नाही. १९६५ च्या युद्धात राजस्थानात बाडमेरपलीकडे गडरा रोडच्या लाइनवर सैन्याचं सामान पोचवताना नि लाइन चालू ठेवताना रेल्वेचे कामगार हवाई हल्ल्यात गेले. तिथे त्यांचं स्मारक आहे, ९ सप्टेंबरला रेल्वेचे लोक जमतात. प्रादेशिक सेनेत रेल्वे इंजिनिअर रेजिमेंटही उभ्या केल्या गेल्या होत्या, म्हणजे रेल्वेचाच नोकर, पण लढाईच्या वेळी अंगावर गणवेश. कल्पना चांगली, कारण तोफा चालू असताना साध्या कपड्यातल्या माणसाला "तिकडे जा" म्हणायला कुणाला तोंड होत नाही. पण नुसता गणवेश देऊन भागत नाही. लाइनवर थांबणाऱ्या माणसाला जेवण वेळेवर, झोपायला छप्पर, आळीपाळीने सुट्टी आणि घरच्यांची काळजी घेणारं कोणीतरी हवं. दोन रात्री न झोपलेला मेट, म्हणजे गँगचा मुकादम, गेज चुकीचा वाचतो, हे मी पावसाळ्यात बघितलंय.

अजून एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण ती राहिली तर उत्तर अर्धं राहील. युद्धात देखभाल थांबते असं नाही, उधारीवर जाते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या काही शाखा-लाइनी उखडून त्यांचे रूळ आणि इंजिनं परदेशातल्या आघाड्यांवर गेली. राहिलेल्या लाइनींवर दुप्पट ओझं आणि नवं सामान नाही. १९४७ ला आपल्या हाती आलेली रेल्वे झिजलेली होती, आणि ती भरून काढायला पुढची कित्येक वर्षं लागली. तात्पुरता क्रिब, जॉगल फिशप्लेट, लाकडी ठोकळे, यांची वही ठेवावी लागते. जागा, तारीख, कोणी लावलं, कधी काढायचं. युद्धात ती वही ठेवणारा कारकून गँगमनइतकाच महत्त्वाचा, कारण सहा महिन्यांनी साहेब बदलतो, वेग वाढवायचा हुकूम येतो आणि तो क्रिब खडीखाली झाकलेला असतो.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर लोंढ्याकडे जाताना खिडकीतून बाहेर बघ. लाइनच्या कडेला खुंट्यांवर ठेवलेला एखादा जादा रूळ दिसेल. आणीबाणीचा रूळ तो. त्याच्या टोकांना चार भोकं आहेत का, लांबी लिहिलेली आहे का, वर गवत वाढलंय का, हे बघून त्या सेक्शनचा इन्स्पेक्टर कसा आहे ते मला सांग. हिशेबाचं काही अडलं, क्रिबवर किती वजन चालतं वगैरे, तर गाळ्याची लांबी आणि खालची जमीन कसली आहे ते लिहून विचार, त्याशिवाय आकडा देता येत नाही.